पान सुकण्यापूर्वीं

कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला, म्हणजे काळ्या जमिनींतील हरभऱ्याचें पीक वीतभर वाढलेलें असतें. थंडी पडूं लागलेली असते, पानांवर दंव चमकत असतें, आणि बांधावर उभा राहून पिकाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांत वर्षाचा हिशेब जुळूं लागलेला असतो. अशा वेळीं एके दिवशीं सकाळीं त्यास असें आढळतें कीं, ओळींतील दोन-चार रोपांनीं माना टाकल्या आहेत. पानें अद्याप हिरवींच आहेत. कोणा किडीनें तीं खाल्लेलीं नाहींत. जमिनींत ओलही आहे. तरी देंठ लवले आहेत. चार दिवसांनीं तीं रोपें वाळून जातात, आणि त्यांच्या शेजारचीं माना टाकूं लागतात. ह्या रोगास आपल्याकडे 'मर' असें नांव आहे. नांव दोनच अक्षरांचें आहे, परंतु तें ज्याच्या शेतांत उच्चारावें लागतें त्याचा रब्बीचा हंगाम हातचा जातो.

मान टाकलेलें रोप पाहिलें कीं आपल्या मनांत पहिला विचार येतो तो पाण्याचा. रोप सुकलें, त्या अर्थीं त्यास पाणी हवें, असा आपला सरळ हिशेब. शेतकरी पाणी देतो. कोणी वरून एखादें औषध फवारतो. हे दोन्ही उपाय बहुधा व्यर्थ जातात. ते कां व्यर्थ जातात, ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शास्त्रज्ञांनीं मोठ्या बारकाईनें शोधलें आहे, आणि तेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे. तें थोडक्यांत असें: रोप ज्या दिवशीं मान टाकतें, त्या दिवशीं त्याची लढाई बहुतेक संपलेली असते. तिचा निकाल त्यापूर्वीं कित्येक दिवस, जमिनीखालीं, मुळाच्या पेशींत लागलेला असतो. आणि तो निकाल रोपाजवळ शस्त्रें किती आहेत ह्यापेक्षां तीं केव्हां बाहेर निघालीं ह्यावर अधिक अवलंबून असतो.

प्रथम रोगाचें कारण पाहूं. फ्युझेरियम ऑक्झिस्पोरम ह्या नांवाची एक सूक्ष्म बुरशी जमिनींत असते. आपल्याकडे पिकांच्या बुरशीजन्य रोगांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं, बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेंत सुरू झाला. तेथील शास्त्रज्ञ ई. जे. बटलर ह्यांनीं तुरीच्या मर रोगावरील आपला विस्तृत निबंध १९१० सालीं प्रसिद्ध केला, आणि १९१८ सालच्या आपल्या ग्रंथांत हरभऱ्याच्या मरीचीही नोंद केली. तुरीस मारणारी बुरशी ही हरभऱ्यास मारणाऱ्या बुरशीची भाऊबंद असली तरी निराळी आहे. ह्या बुरशा आपल्या भक्ष्याच्या बाबतींत मोठ्या चोखंदळ असतात. फ्युझेरियम ऑक्झिस्पोरमचेंच एक रूप केळीस मारतें, दुसरें टोमॅटोस, तिसरें हरभऱ्यास; पण हरभऱ्यावरील रूप केळीच्या वाटेस जात नाहीं.

पीक काढून नेलें तरी ही बुरशी नाहींशी होत नाहीं. जाड कवचाचे बीजाणु तयार करून ती मातींत स्वस्थ पडून राहते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' ह्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांना असें आढळलें कीं, शेतांत हरभरा मुळींच घेतला नाहीं तरी ही बुरशी निदान सहा वर्षें जमिनींत तग धरून राहूं शकते. बियाण्याबरोबर ती एका गांवाहून दुसऱ्या गांवींही जाते. पुढें कधीं तरी त्या मातींत हरभऱ्याचें मूळ उतरलें, म्हणजे मुळांतून झिरपणारी साखर व इतर द्रव्यें ह्या निजलेल्या बीजाणूस जागें करितात. त्यास अंकुर फुटतो, त्याचा तंतु मुळाकडे वाढत जातो, कोंवळ्या टोकाजवळून किंवा एखाद्या बारीकशा जखमेंतून आंत शिरतो, आणि पेशींच्या थरांतून वाट काढीत मुळाच्या गाभ्यांतील जलवाहिन्या गांठतो.

जलवाहिन्या म्हणजे मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या अतिशय बारीक नळ्या. बुरशी त्यांत पसरते. तिचे नवे बीजाणु पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर वर जातात. नळ्या चोंदूं लागतात. आपल्यापैकीं ज्यांचें गांवीं शेत आहे त्यांनीं मान टाकलेलें एक रोप हलकेच उपटून पाहावें. मूळ बाहेरून बहुधा चांगलें दिसतें. परंतु खोड व मूळ चाकूनें उभें चिरलें, तर मध्यभागीं तपकिरी-काळसर रेघ दिसते. ती रेघ म्हणजे चोंदून गेलेल्या नळ्या होत. आतां जमिनीस कितीही पाणी दिलें तरी तें पानांपर्यंत चढणार कसें? नळ तुंबला असतां हौदांत पाणी ओतण्यासारखाच हा प्रकार आहे.

येथवरची हकीकत सूक्ष्मदर्शक यंत्रानें दिसणारी आहे, आणि ती जुन्या शास्त्रज्ञांसही ठाऊक होती. त्यांना न उलगडलेला प्रश्न निराळाच होता. एकाच शेतांत, एकाच मातींत, हरभऱ्याचे दोन वाण शेजारी शेजारी पेरले असतां एक वाण तीन-चार आठवड्यांत जमीनदोस्त होतो, आणि दुसरा घाट्यांनीं लगडून उभा राहतो. बुरशी तीच, पाणी तेंच, हवा तीच. मग त्या दुसऱ्या वाणाजवळ असें काय आहे, जें पहिल्याजवळ नाहीं?

ह्याचें उत्तर समजण्यासाठीं जनुक म्हणजे काय हें थोडें ध्यानांत घेतलें पाहिजे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत त्याच्या शरीराच्या घडणीचें व कारभाराचें एक लिखित दप्तर असतें असें समजा. त्या दप्तरांतील एकेक कागद म्हणजे एकेक जनुक. हरभऱ्याचें हें संपूर्ण दप्तर वाचून त्याचा आराखडा २०१३ सालीं प्रसिद्ध झाला; त्यांत सुमारे २८,००० जनुकें आढळलीं. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, मुळाची पेशी असो, पानाची असो वा फुलाची असो, प्रत्येकीजवळ दप्तर संपूर्णच असतें. परंतु सगळे कागद एकाच वेळीं कोणी उघडीत नाहीं. जुन्या काळीं कुलकर्ण्याच्या दप्तरांत गांवचे सारे कागद असत, पण ज्या दिवशीं ज्या शेताचा तंटा निघे त्या दिवशीं तेवढाच कागद काढून त्याची नक्कल केली जाई. पेशीही तसेंच करिते. जें जनुक हवें असेल त्याच्या नकला काढल्या जातात, ह्या नकला पेशींतील कारखान्याकडे जातात, आणि तेथें त्यांच्याबरहुकूम प्रथिनें तयार होतात. ह्या नकलांस शास्त्रज्ञ 'संदेशवाहक आरएनए' म्हणतात. एखाद्या वेळीं कोणत्या जनुकाच्या किती नकला निघाल्या हें मोजतां आलें, म्हणजे त्या वेळीं ती पेशी कोणत्या कामांत गुंतली होती हें कळतें. जनुकांची क्रियाशीलता म्हणतात ती हीच.

आतां बुरशीचा तंतु मुळास येऊन भिडला, त्या क्षणाकडे जाऊं. वनस्पतीस डोळे नाहींत, कान नाहींत, आणि आपल्या रक्तांतल्यासारख्या फिरत्या पांढऱ्या पेशीही नाहींत. तिची प्रत्येक पेशी आपल्याच जागीं बांधलेली आहे, आणि प्रत्येकीस आपला पहारा आपणच करावा लागतो. पेशीच्या बाह्य आवरणांत कांहीं विशिष्ट प्रथिनें बसविलेलीं असतात. त्यांचें काम जागल्याचें. बुरशीच्या भिंतींत कायटिन नांवाचा पदार्थ असतो. वनस्पतीच्या भिंतींत तो नसतो. तेव्हां कायटिनाचा तुकडा हातीं लागला, कीं परका दाराशीं आला हें जागल्यास कळतें.

त्यानंतरच्या घटना फार झपाट्यानें घडतात. कांहीं मिनिटांतच बाहेरील कॅल्शियम पेशींत शिरूं लागतें. हायड्रोजन पेरॉक्साइडासारखीं दाहक द्रव्यें भिंतीशीं तयार होतात. आणि एका प्रथिनानें दुसऱ्यास, दुसऱ्यानें तिसऱ्यास जागें करावें अशी निरोपांची सांखळी पेशीच्या केंद्रापर्यंत जाऊन पोंचते. तेथें दप्तर उघडलें जातें. प्रथम अशीं जनुकें जागीं होतात कीं, ज्यांचें काम इतर जनुकांस हुकूम देणें हेंच आहे. मग त्यांच्या हुकुमानें निरनिराळीं कामें सुरू होतात. कायटिनेज व ग्लुकानेज हीं विकरें तयार होऊन बुरशीच्या भिंती कुरतडूं लागतात, आणि त्या कुरतडण्यांतून सुटलेले कायटिनाचे तुकडे आणखी जागल्यांस उठवितात. लिग्निन, म्हणजे लांकडास कठीणपणा देणारें द्रव्य, पेशींच्या भिंतींवर चढवून त्या पक्क्या केल्या जातात. हरभरा मेडिकार्पिन व मॅकिऐन ह्या नांवांचीं दोन बुरशीनाशक द्रव्येंही तयार करितो. एरवीं तीं नाममात्र असतात. संकट आलें म्हणजे वाढतात. हीं सारीं कामें कांहीं तासांत सुरू होऊन पुढें कांहीं दिवस चालतात, आणि ह्या सर्व अवधींत जमिनीवरील पान हिरवेंगार असतें. बांधावरील मनुष्यास ह्यांतील कशाचाच पत्ता नसतो.

बुरशीही स्वस्थ बसत नाहीं. तिच्याजवळही जनुकें आहेत, आणि मुळांत शिरतांच तीही आपल्या नकला काढूं लागते. ती अशीं लहान लहान प्रथिनें सोडते कीं, जीं रोपाची निरोपांची सांखळी मध्येंच तोडतात. शिवाय फ्युझेरिक आम्लासारखीं विषेंही ती तयार करिते. टोमॅटोच्या मर रोगाचा अभ्यास करणाऱ्या ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनीं २००४ सालीं एक मोठी उद्बोधक गोष्ट दाखविली. बुरशी जलवाहिन्यांत जें एक प्रथिन सोडते, नेमकें तेंच प्रथिन ओळखून टोमॅटोचे कांहीं वाण सावध होतात. चोरानें आणलेल्या पहारीचा आवाज ऐकून घरचीं माणसें जागीं व्हावींत, तसा हा प्रकार. ज्या वाणांत तें ओळखणारें जनुक नाहीं, तो वाण निजलेला राहतो.

हें सारें मोजतात कसें, हेंही सांगितलें पाहिजे. एक रोगास बळी पडणारा व एक रोगास दाद न देणारा असे दोन वाण घेतात. रोपें उपटून त्यांचीं मुळें बुरशीचे बीजाणु मिसळलेल्या पाण्यांत बुडवितात व पुन्हां लावितात. त्याच वेळीं त्याच वाणांचीं दुसरीं रोपें तशींच उपटून साध्या पाण्यांत बुडवून लावितात. कारण उपटण्यानेंही मुळास इजा होते, आणि त्या इजेमुळेंही कांहीं जनुकें जागीं होतात. तीं वजा केल्याखेरीज बुरशीमुळें काय झालें हें कळणार नाहीं. मग ठरलेल्या तासांनीं व दिवसांनीं मुळें काढून द्रवरूप नायट्रोजनांत गोठवितात, त्यांतील नकला वेगळ्या करितात, आणि यंत्रांच्या साहाय्यानें त्या वाचून मोजतात. मुळाबरोबर बुरशीच्याही नकला येतात. दोघांचीं दप्तरें ठाऊक असल्यामुळें त्या निवडून काढतां येतात.

असे प्रयोग हरभऱ्यावर आपल्या देशांतच पुष्कळ झाले आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें 'जे. जी. ६२' हा मरीस चटकन् बळी पडणारा वाण आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा 'दिग्विजय' हा प्रतिकारक्षम वाण ह्यांच्या मुळांची तुलना केली. त्या कामाचे निबंध पुढें प्रसिद्ध होत गेले. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पति जनुकसंच संशोधन संस्थेचा अशाच तुलनेवरील निबंध २००९ सालचा आहे, आणि कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटचा २०१० सालचा. ह्या शेवटच्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, बुरशीचा पहिला धक्का रोपाच्या मूलभूत चयापचयासच, म्हणजे साखरेच्या देवघेवीसारख्या रोजच्या कारभारासच, बसतो. लढाई पेटतांच प्रथम घरच्या कोठाराचा हिशेब बदलतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या सर्व कामांचा इत्यर्थ काय? सामान्य माणसास वाटेल कीं, प्रतिकारक्षम वाणाच्या मुळांत बुरशी शिरतच नसेल. तसें नाहीं. ती त्याच्याही मुळांत सांपडते, परंतु थोडी. तिला पसरूं दिलें जात नाहीं. दुसरें असें वाटेल कीं, बळी पडणाऱ्या वाणाजवळ संरक्षणाचीं जनुकेंच नसतील. तेंही खरें नाहीं. कायटिनेज तयार करण्याचा कागद त्याच्याही दप्तरांत आहे, लिग्निनाचाही आहे. आणि बुरशी सर्वत्र पसरल्यावर तोही नकला काढूं लागतो. फरक आहे तो ओळख पटण्यांत, म्हणून वेळेंत व जोरांत. एकाच्या मुळांत नकला आधीं व भरपूर निघतात. दुसऱ्याच्या मुळांत त्या उशिरां व अपुऱ्या निघतात. किंबहुना उशिरां केलेला बंदोबस्त अंगलटही येतो. जलवाहिनीचें तोंड गोंदासारख्या द्रव्यानें बंद करून बुरशीची वाट अडविणें हा वनस्पतीचा एक जुना डाव आहे. तो वेळींच व जागच्या जागीं खेळला, तर एखाद-दुसरी नळी जाते व रोप वांचतें. बुरशी सर्वत्र फैलावल्यावर खेळला, तर रोपाचें स्वतःचेंच पाणी तुटतें.

शाळेंत शिकवीत असतां मी मुलांकडून ओल्या फडक्यांत हरभरे बांधून ठेवीत असें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं फडकें उघडलें म्हणजे प्रथम दिसे तें मूळ, पान नंतर. वनस्पतीचा संसार मुळापासून सुरू होतो हें मुलांना सांगावें लागत नसे, तें दिसतच असे. आपण मोठीं माणसें मात्र वर्षानुवर्षें पानांकडे पाहूनच झाडाची प्रकृति ठरवीत आलों आहों.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें अवश्य आहे. एखाद्या जनुकाच्या नकला वाढल्या, एवढ्यावरून त्यानेंच रोपास वांचविलें असें सिद्ध होत नाहीं. आग लागली म्हणजे तेथें गर्दी होते; त्या गर्दींत पाणी ओतणारे असतात, तसे नुसते पाहणारेही असतात. म्हणून शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूनेंही पुरावा गोळा करितात. वाणांचा परस्पर संकर करून त्यांच्या पुढच्या पिढ्यांत प्रतिकारशक्ति कशी उतरते हें पाहतात. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या दशकांत असे संकर करून पाहिले, तेव्हां असें निघालें कीं, मरीच्या एका प्रकाराविरुद्धची शक्ति तीन जनुकांवर अवलंबून आहे. त्यांतील एकच जनुक असेल तर रोप मरतें, पण उशिरां मरतें. कोणतींही दोन एकत्र आलीं तर तें वांचतें. श्रोतेहो, निराळ्या मार्गानें येऊनही ही गोष्ट पुन्हां वेळेपाशींच येऊन ठेपते, हें पाहण्यासारखें आहे.

कोणी विचारील, संरक्षणाचा इतका उपयोग असेल तर रोप तें सदासर्वकाळ चालू कां ठेवीत नाहीं? दोन कारणें आहेत. पहिलें खर्चाचें. लिग्निन, विकरें, बुरशीनाशक द्रव्यें हीं सारीं साखर खर्चून करावीं लागतात. तीच साखर एरवीं फांद्या व घाटे ह्यांस मिळावयाची. बारा महिने दारावर फौज बसविणाऱ्या घराच्या चुलींत काय पेटणार? दुसरें कारण अधिक नाजूक आहे. हरभऱ्याच्या मुळांवर गांठी असतात, आणि त्यांत रायझोबियम नांवाचे जंतु राहून हवेंतील नत्र रोपास पुरवितात. हे पाहुणे रोपास हवे असतात. आश्चर्य असें कीं, हे जंतु ओळख पटविण्यासाठीं जें द्रव्य पाठवितात, तें रासायनिक दृष्ट्या कायटिनाच्या तुकड्यांसारखेंच असतें, आणि तें ओळखणारीं प्रथिनेंही बुरशी ओळखणाऱ्या प्रथिनांच्या नात्यांतलींच आहेत. म्हणजे एकाच दारावर, जवळजवळ सारख्याच हांकेवरून, मित्र कोण व वैरी कोण हें मुळास ठरवावें लागतें. जो येईल त्यास झोडपणारा जागल्या येथें उपयोगाचा नाहीं.

ह्या ज्ञानाचा शेतकऱ्यास काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. पहिला उपयोग वाणांच्या पैदाशींत झाला आहे. पूर्वीं नवा वाण प्रतिकारक्षम आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो रोगट जमिनींत पेरून रोपें मरतात कीं जगतात याची वाट पाहावी लागे. आतां प्रतिकारशक्तीचें जनुक दप्तराच्या ज्या भागांत असतें त्या भागाची खूण ठाऊक असली, तर कोंवळ्या रोपाचें एक पान तपासून निवड करितां येते. कर्नाटकांत 'अण्णिगेरी १' हा वाण कित्येक दशकें लोकप्रिय आहे. परंतु तो मरीस बळी पडे. 'डब्ल्यू. आर. ३१५' ह्या जुन्या देशी वाणांतील प्रतिकारशक्ति खुणेच्या आधारानें त्यांत उतरवून 'सुपर अण्णिगेरी १' हा वाण तयार झाला; त्याचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या देशी बियाण्यास एरवीं कोणी विचारलें नसतें, त्यानें एका प्रदेशाच्या आवडत्या वाणास नवें आयुष्य दिलें. जुनीं बियाणीं जपून ठेवावींत असें जाणते लोक सांगतात, त्यास ही एक व्यवहारी सबब आहे.

परंतु प्रतिकारक्षम वाण म्हणजे अमरपट्टा नव्हे. अमेरिकेंतील हॅरल्ड फ्लोर ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून असें दाखविलें कीं, वनस्पतीच्या ओळखणाऱ्या जनुकास तोडीस तोड असें जनुक रोगजंतूंत असतें. आणि रोगजंतूनें आपलें तें जनुक बदललें, कीं ओळख चुकते. मरीच्या बुरशीचेही निरनिराळे प्रकार आहेत. भारतांतील चार प्रकारांचें वर्णन १९८२ सालीं झालें, आणि जगभरांत मिळून आठ प्रकार गणले जातात. एका प्रकारास दाद न देणारा वाण दुसऱ्यापुढें हात टेकूं शकतो. म्हणून आपल्या भागांत कोणता प्रकार आहे हें पाहूनच वाण निवडावा लागतो.

दुसरा उपयोग सर्वांच्या हातचा आहे, आणि तो रोजच्या शहाणपणाचा आहे. लढाई पहिल्या दिवसांतच ठरत असेल, तर आपली मदतही पहिल्या दिवसांपूर्वींच पोंचली पाहिजे. मान टाकल्यावर पाणी व फवारणी म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. आपल्या महाराष्ट्रांत विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ असे मर रोगास तोंड देणारे वाण आहेत. बियाणें घेतांना त्यांची चौकशी करावी. पेरणीपूर्वीं बियाण्यास ट्रायकोडर्मा ह्या उपकारक बुरशीची अथवा शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची प्रक्रिया करावी, म्हणजे मूळ बाहेर पडतांच त्याच्या भोंवतीं थोडा पहारा असतो. उन्हाळ्यांत जमीन खोल नांगरून तापूं द्यावी. ज्या शेतांत मर दिसली तेथें लागोपाठ हरभरा घेऊं नये, आणि तेथलें बियाणें पुढच्या वर्षीं पेरूं नये. सहा वर्षें टिकणाऱ्या बुरशीचा एका वर्षाच्या फेरपालटानें नायनाट होणार नाहीं हें खरें. परंतु जमिनींतील तिचें प्रमाण वाढूं न देणें हेंही कांहीं थोडें नाहीं. हे चारही उपाय मिळून जो खर्च येतो, तो वाळलेल्या शेतावर मागाहून होणाऱ्या धांवपळीच्या मानानें अल्प आहे.

आपण शहरांत राहणारीं माणसें हरभऱ्याशीं संबंध ठेवतों तो डाळीच्या, बेसनाच्या, पुरणाच्या रूपानें. हरभरा पिकविण्यांत भारत जगांत पहिला आहे, आणि आपलें राज्य हें देशांतील प्रमुख हरभरा पिकविणाऱ्या राज्यांपैकीं एक आहे. पुष्कळांचे भाऊ, चुलते अद्याप गांवीं शेत करितात. पेरणीचे दिवस जवळ आले म्हणजे त्यांस पत्र घाला, अथवा दूरध्वनीवर बोला, आणि "पीक कसें आहे?" हें विचारण्यापूर्वीं "बियाणें कोणतें घेतलें, आणि त्यास प्रक्रिया केली का?" एवढें विचारा. तो प्रश्न आश्विनांत विचारला तर उपयोगाचा आहे; पौषांत विचारला तर केवळ समाचाराचा आहे.